आगाऊ फोन

कोळंबगावात मला आगाऊ कुंदा म्हणतात, आणि त्यात दोन्ही अर्थ आहेत. एक तर माझी जीभ कुणाचं ऐकत नाही. दुसरं म्हणजे मी गावच्या सबस्टेशनला ऑपरेटर आहे आणि लाईट घालवायची असली की आगाऊ फोन करते. सगळ्यांना नाही हो, तेवढं आयुष्य कुणाकडे आहे? सात-आठ जणांना. डॉक्टर बागवानांना, कारण त्यांचं यंत्र त्या वेळी कुणाच्या तरी दाढेत असतं. सूतिकागृहाला, कारण तिथं कमी दिवसांची बाळं काचेच्या पेटीत असतात. लिफ्टवाल्या दोन इमारतींच्या वॉचमनना. असे. आणि सगळ्यात शेवटी आमच्या दादाच्या घरी.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ऑक्सिजनचं यंत्र लागतं. सिद्धार्क केमिकल्समध्ये जन्मभर बॉयलर सांभाळला आणि आता न्हाणीघरापर्यंत गेला तरी बसावं लागतं त्याला. फोन सुलभावहिनी उचलते. "लाईट जाणार आहे, वहिनी," मी म्हणते. "थांबा हं वन्सं, बाकीचं काढते," ती म्हणते. नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत कधीच गेली, ती मला चिडवायला म्हणते. बाकीचं काढते म्हणजे इन्व्हर्टरवरचं इतर सगळं बंद करते. बॅटरी जुनी आहे, ती नुसत्या दादाच्या यंत्रालाच पुरते. हे इतक्या वर्षांचं झालंय की आम्ही दोघी ते झोपेतही बोलू.

तर त्या मंगळवारी पुण्याहून पोंक्षे नावाचा एक मुलगा सबस्टेशनवर आला. मुलगा म्हणजे असेल पस्तिशीचा, पण इतका गोड बोलत होता की मला तिथंच शंका आली. आमच्या वरच्या कुलथेसाहेबांचा फोन आधीच येऊन गेला होता, की सरकारी तपासाचं काम आहे, सहकार्य करा.

"ताई, 'आजची हवा' वाचता का?" त्यानं विचारलं.

"कोण वाचत नाही?"

आणि खरंच कोण वाचत नव्हतं! 'आजची हवा' हे फोनवरचं एक साधं पान होतं, फोटो नाही, जाहिरात नाही. सिद्धार्कच्या चिमणीतून निघालेला वायू गावाच्या कुठल्या भागात किती आहे, ते दर काही मिनिटांनी तिथं दिसायचं. आकडा वाढला की फोन किणकिणायचा, 'नदीकाठ, खिडक्या लावा.' शाळा त्यावर ठरवायच्या, आज मुलांना मैदानात सोडायचं का नाही. फौजदारांची बायकोसुद्धा त्यावर बघूनच कपडे वाळत घालायची. पण मागच्या वर्षी नवा कायदा आला, आणि कारखान्याची हवा परवानगीवाचून मोजून जाहीर करणं हा गुन्हा झाला. सरळ तुरुंग. पान कोण चालवतं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

"ते पान कांद्यावर आहे," पोंक्षे म्हणाला. कांदा म्हणजे ते निनावी जाळं, हल्ली सगळ्या फोनमध्ये असतंच.

"मग सोला की."

तो हसला. "तेच तर जमत नाही ताई. पत्ता सापडतच नाही. पण कुठलाही कॉम्प्युटर शेवटी कुठल्यातरी भिंतीतल्या प्लगला लावलेला असतो. म्हणून आम्ही इंटरनेटकडे बघायचं सोडलं. आता आम्ही तुमच्याकडे बघतोय."

मला ते वाक्य आवडलं नाही.

मग त्यानं समजावून सांगितलं. त्याच्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम होता, त्याला ते लोक चाळणी म्हणायचे. चाळणी त्या पानाला दर सेकंदाला हाक मारायची, आणि पानानं ओ दिली की पडद्यावर हिरवा ठिपका. आता मी लाईट घालवायची. ठिपका विझला तर पान त्या लाईनवर आहे, नाही विझला तर नाही. आज सगळं गाव एकदम दहा मिनिटं, म्हणजे पान गावात आहे का बाहेर ते कळेल. मग चार फीडर, म्हणजे गावाच्या चार भागांच्या लाईनी, एकेक करून, मग त्या फीडरवरचे ट्रान्सफॉर्मर, मग घरं. कुलूप तोडायचं नाही, कुणाचा फोन ऐकायचा नाही. "नुसता दिवा मालवायचा," तो म्हणाला. "दोन दिवसांत घर."

मला काय वाटलं म्हणाल तर डोक्याला ताप वाटला. सगळं गाव बंद केलं की शिव्या मला बसणार. तो गाडीतून कसलीतरी वायर आणायला गेला, आणि मी नेहमीसारखे फोन केले. कुणाला सांगू नका असं त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मला तर ते सुचण्यासारखं नव्हतंच. डॉक्टर, सूतिकागृह, वॉचमन, आणि शेवटी, "लाईट जाणार आहे, वहिनी. दहा मिनिटं."

"थांबा हं वन्सं, बाकीचं काढते."

अकराला मी चारही स्विच पाडले. आमच्याकडे स्विच हातानं मारतात. मधे काही वर्षं सगळं पुण्याहून चालायचं, एक यंत्रच ठरवायचं कुठली लाईन चालू, कुठली बंद. आमचा वायरमन भानुदास खांबावर असताना त्या यंत्रानं लाईन चालू केली. भानुदास गेला. तेव्हापासून स्विच माणसाच्या हातात परत आले आणि लाल पाटीचा नियम कडक झाला. लाईनवर कुणी काम करत असलं की ऑपरेटर त्या स्विचला लाल पाटी अडकवते, 'लाईनवर माणूस आहे'. ती पाटी असेतो स्विचला कुणी हात लावायचा नाही, मग तो मुख्य अभियंता असो नाहीतर मंत्री असो. जिनं लावली तिनंच काढायची. चार पाट्या माझ्या मागच्या खिळ्याला असतात.

लाईट आली तेव्हा पोंक्षे खुशीत होता. "पान गावातच आहे ताई! ठिपका विझला." मग तो पडद्याकडे वाकला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गंमत आहे. लाईट गेली अकराला. पान बंद झालं चार मिनिटं आधी. आणि झटक्यात नाही, नीट बंद केलंय. शेवटची ओळपण टाकलीय, 'थोड्या वेळात येते.'" त्यानं मान वर केली. "येते. म्हणजे बाई आहे."

"पान येते," मी म्हटलं. "लेखी मराठीत असंच लिहितात. शाळेत व्याकरण नव्हतं का तुम्हाला?"

तोंडानं मी हे बोलत होते, पण डोक्यात तीच ओळ फिरत होती. थोड्या वेळात येते. वहिनी आयुष्यभर हायस्कूलला विज्ञान शिकवायची. घंटा झाली की वर्गाला हेच सांगून जायची, मी तिच्याच हाताखाली शिकलेय. आणि ती चार मिनिटं... बाकीचं काढते, बाकीचं काढते! अगं बाई, ते बाकीचं म्हणजे काय काय होतं?

"तिला कुणीतरी सांगितलं," पोंक्षे म्हणाला. गोडवा तोच, पण आता तो माझ्याकडे बघत होता. "तुम्ही कुणाला फोन केलात, ताई?"

"मी नेहमीच करते. गावात कुणालाही विचारा." आणि मी सगळी नावं सांगितली, दादाचंसुद्धा. लपवलं असतं तर तेवढंच एक त्याला दिसलं असतं.

त्यानं नावं ऐकून घेतली. "ठीक. उद्या एकेक फीडर. न सांगता. पहिलं गावठाण घेऊ."

दादाचं घर गावठाणात आहे.

ड्यूटी संपल्यावर मी तडक तिकडे गेले. दादा खुर्चीत बसून पेपर वाचत होता, नाकात नळी, शेजारी यंत्राची घुसफूस चाललेली. वहिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "थोड्या वेळात येते?"

तिचे हात थांबले. मग परत मेथीकडे गेले. "कळलं का," ती म्हणाली.

"कळलं का काय विचारतेस! तुरुंगात जाशील! ह्या वयात! दादाचं काय मग?"

"हळू बोला. त्यांना माहीत आहे, पण शेजारच्यांना नाही."

म्हणजे दादालाही माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं. मला रडू आलं, रागाचंच. तिनं फडताळ उघडून दाखवलं. पिठाच्या डब्यामागं पुस्तकाएवढी एक काळी पेटी होती. गावात कुठंकुठं तिनं काडेपेटीएवढी मोजणी-यंत्रं ठेवली होती, ती हवा मोजून पेटीला कळवायची, आणि पेटी ते जगाला दाखवायची. मी तिला पोंक्षेचं सगळं सांगितलं, उद्या न सांगता गावठाण पाडणार आहे तेही.

"आणि पुण्याच्या त्या पोराला पत्ता सापडत नाही तो कसा?"

तिच्यातली शाळेची बाई लगेच जागी झाली. तिनं ताटात मेथीच्या तीन जुड्या ओळीनं मांडल्या. "समजा तुम्हाला मला एक चिठ्ठी पाठवायचीय. तुम्ही ती पाकिटात घातली, ते पाकीट दुसऱ्यात, ते तिसऱ्यात. प्रत्येकाला वेगळं कुलूप. बाहेरचं पाकीट ह्या पहिल्या माणसाला दिलं. त्याच्या किल्लीनं फक्त बाहेरचं उघडतं. आत लिहिलेलं असतं, दुसऱ्याला द्या. बस. दुसरा उघडतो, आत तिसऱ्याचं नाव. पहिल्याला तुम्ही माहीत, पण चिठ्ठी कुठं जाणार ते माहीत नाही. तिसऱ्याला पुढचं माहीत, तुम्ही माहीत नाही. मधल्याला तर काहीच माहीत नाही. ही माणसं म्हणजे जगभरातले कॉम्प्युटर, हजारो आहेत, लोक हौसेनं चालवतात. आणि माझ्या पानाला तर दोन्हीकडून. वाचणारा असा तीन घरं चालत येतो, मी तीन घरं चालत जाते, आणि मधल्या चौकात भेटतो. त्यानं माझं घर बघितलेलं नसतं, मी त्याचं नसतं. शिवाय त्या वाटेनं एकाच वेळी लाखो लोक चालतायत. एकटीच असते तर पहिल्याच दिवशी सापडले असते. लपायला गर्दी लागते, वन्सं."

"आणि लाईट?"

"लाईट लपवायला कुठलं पाकीट आणू?" ती म्हणाली.

मग आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो. पेटी इन्व्हर्टरवर चालू ठेवली तर? उपयोग नाही, कारण इंटरनेटचा खांबावरचा डबाही त्याच फीडरवर चालतो. मी आगाऊ फोन केला तर? तर फोन करणारी सापडलीच. नाही केला तर? पान लाईटीबरोबर विझणार, आणि वर इन्व्हर्टरवर सगळं चालू असताना बॅटरी बसली तर दादाचं यंत्र बंद. मग मी सगळ्यात सोपं ते बोलले. "चार दिवस बंद ठेव पान. त्याला शोधू दे काय शोधायचं ते."

"मीही तेच केलं असतं हो," ती म्हणाली. "पण ह्याच आठवड्यात सिद्धार्कवाले टाक्या धुतात. दरवर्षी. मागच्या वर्षी नदीकाठच्या शाळेत मुलं ओकत होती, तेव्हा पान सुरू होऊन महिनाच झाला होता, कुणी बघत नव्हतं. आता बघतात. आता बघतात आणि नेमकं पान नाही म्हटल्यावर त्यांना वाटणार, हवा चांगली आहे."

बाहेरून दादा म्हणाला, "कुंदे." त्याला एका दमात फार बोलता येत नाही. मी बाहेर गेले. त्यानं माझा हात धरला, श्वास घेतला आणि म्हणाला, "मी तिथं कामाला होतो." परत श्वास घेतला. "मला माहीत होतं. मी बोललो नाही. ती बोलतेय." त्याचा हात हलका झालाय खूप. मला भीती वाटत होती, आणि ती मी त्याच्यापासून लपवलीही नाही.

बुधवारी सकाळी मी ड्यूटीवर गेले तेव्हा पोंक्षे आधीच येऊन बसला होता. चहा मागवला होता, माझ्यासाठीसुद्धा. "फोन टेबलावर ठेवता का, ताई? तुमच्यावर विश्वास नाही असं नाही." मी ठेवला. लॅपटॉपवर हिरवा ठिपका चालू होता. वहिनीनं पान चालू ठेवलं होतं. ठेवणारच होती ती, मला माहीत होतं.

"गावठाण पाडा," तो म्हणाला.

मी स्विचपाशी गेले. दादा ह्या वेळी चहा घेतो. दिवसभर सगळं काढून थोडंच बसता येतं? फ्रिज चालू असेल, मिक्सर असेल, पेटी असेल, आणि सगळं त्या म्हाताऱ्या बॅटरीवर येऊन पडेल. नाही पाडायचा म्हटलं तर? तर पोंक्षे विचारणार, गावठाणच का नाही? बाकी तीन पाडाल, मग गावठाणात कोण आहे तुमचं? नको म्हणणं म्हणजे वहिनीच्या घरावर बोट दाखवणंच झालं. मी त्या स्विचपुढे उभी राहिले.

मग वहिनीचं ते वाक्य आठवलं. लपायला गर्दी लागते.

मी वळले, खिळ्यावरची लाल पाटी काढली आणि गावठाणच्या स्विचला अडकवली. मग दुसरी काढली, ती बाजारपेठेच्या स्विचला. तिसरी स्टेशन रोडला. चौथी नदीकाठला. चारही स्विच चालू, आणि चारहींवर पाटी, 'लाईनवर माणूस आहे'. एरवी ती पाटी बंद स्विचवर असते, कुणी चालू करू नये म्हणून. चालू स्विचवर लावलेली मी कधी बघितली नव्हती.

"हे काय?" पोंक्षे म्हणाला.

"लाईनवर माणूस आहे. वाचता येतं ना?"

"कुठल्या लाईनवर?"

"चारहींवर. गावठाणात ऑक्सिजनवाला आहे. बाजारपेठेत दाताचा दवाखाना. स्टेशन रोडला दोन लिफ्ट. नदीकाठला सूतिकागृहात कालच एक बाळ आलंय, मुठीएवढं आहे. न सांगता लाईट घालवायची म्हणजे यांच्यापैकी कुणाचा तरी जीव घ्यायचा. सांगून घालवायची तर तुम्हाला चालत नाही."

"ताई, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. बाजूला व्हा, मी पाडतो."

"हात लावून बघा," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत आला आणि चार पाट्या बघून दारातच उभा राहिला. भानुदासला खांबावरून खाली उतरवताना तो होता. तो पोंक्षेला एवढंच म्हणाला, "साहेब, पाटी आहे."

पोंक्षेनं कुलथेसाहेबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"कुंदाताई, काढा हो पाट्या. वरून दबाव आहे."

"काढते साहेब. तुम्ही एवढंच लेखी द्या, की लाईनवर माणूस असताना, न कळवता स्विच पाडा. खाली सही करा."

मग साहेब म्हणाले, "बघतो मी." आणि फोन ठेवला. बघतो म्हणजे काय ते आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. उद्या माझी बदली होईल, नाहीतर निलंबन. पोंक्षे दुसरा ऑपरेटर आणेल, पण त्यालाही त्या चार पाट्या दिसतील, आणि त्या काढायचा हक्क माझाच आहे. किती दिवस टिकेल हे, मला माहीत नाही. टाक्या धुवून होईपर्यंत टिकलं तरी पुष्कळ.

पोंक्षे लॅपटॉपपुढे बसून राहिला. गेला नाही. मी पण बसले. चहा निवून गेला होता.

तेवढ्यात सबस्टेशनचा फोन वाजला. पोंक्षे सावरून बसला. मी उचलला.

"वन्सं," पलीकडून आवाज आला, अगदी बारीक. "लाईट जाणार आहे का?"

मागं दादाच्या यंत्राची घुसफूस ऐकू येत होती. मला वहिनी म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "आज नाही जाणार."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" पोंक्षेनं विचारलं.

"ग्राहक."

तो काही बोलणार होता. पण तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन किणकिणला, आणि टेबलावरचा माझाही किणकिणला, आणि दारातल्या शिपायाचाही. तिघांनी बघितलं. 'स्टेशन रोड, सबस्टेशन परिसर, आकडा वाढतोय. खिडक्या लावा.'

पोंक्षेनं ते वाचलं, उठला, आणि माझ्या मागची खिडकी ओढून घेतली. कडीसुद्धा घातली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो तसाच कडीला हात लावून उभा राहिला.

"बरं केलंत," मी म्हटलं. "ती दुसरीपण लावा."